तात्या विंचूची वकिली

‘झपाटलेला २’ हा काही चांगला चित्रपट नव्हे. लेखाच्या पहिल्याच ओळीत हे सांगून टाकलेले बरे. म्हणजे जाणत्या समीक्षकांना ते सिद्ध करण्यासाठी शाई खर्चावी लागणार नाही, आणि मलाही माझ्या अशिलाविषयी खोटी साक्ष द्यावी लागणार नाही. गोष्ट पातळ आहे. गाणी मध्येच येतात आणि आपण का आलो होतो हे न सांगताच निघून जातात. पहिल्या चित्रपटाचा हात धरल्याशिवाय याला दहा पावलेही टाकता येत नाहीत. चित्रपटगृहातून बाहेर पडलेला माणूस कोपऱ्यावरचा चहा संपेपर्यंत निम्मे कथानक विसरलेला असतो. हे सारे मला मान्य आहे. तरीही मी आज त्याची वकिली करायला उभा आहे, आणि तीही दयेचा अर्ज घेऊन नव्हे. माझे म्हणणे असे की, विसरून जाण्याजोगे, हसवता हसवता घाबरवणारे असे चित्रपट वाढत्या वयाच्या मुलांना मिळाले पाहिजेत. ज्या समाजात ते मिळत नाहीत, तिथे मुलांना घाबरवण्याचे काम दुसरीच माणसे हाती घेतात.

ज्यांच्या स्मरणातून हे प्रकरण गेले असेल त्यांच्यासाठी थोडी हकिकत. १९९३ साली महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ काढला. तात्या विंचू नावाचा एक नामचीन गुंड बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो, पोलिसाच्या गोळीला बळी पडतो आणि मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येऊन पडतो लक्ष्याच्या हाती. लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा एक भोळाभाबडा तरुण. बाहुल्याला पुन्हा माणसात यायचे असते, आणि त्यासाठी त्याला हवा असतो लक्ष्याचाच देह. तात्या विंचूची भूमिका दिलीप प्रभावळकरांची, आणि बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा. वीस वर्षांनी, ७ जून २०१३ रोजी, दुसरा भाग आला. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजीच गेले होते; म्हणून नायक झाला लक्ष्याचा मुलगा, आणि ती भूमिका केली दिग्दर्शकाच्या मुलाने, आदिनाथ कोठारे यांनी. बाहुला तोच, मंत्र तोच, पाठलागही तोच. नवे होते ते चष्मे! मराठीतला पहिला त्रिमिती चित्रपट अशी त्याची जाहिरात होती, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सारे कुटुंब काळे चष्मे लावून पडद्यासमोर बसत असे.

हा दुसरा भाग गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या कुरुंद्याच्या घरी पुन्हा लागला. चष्मे नव्हते, मोठा पडदा नव्हता. घरातला टीव्ही, त्याच्यासमोर सतरंजीवर बारा ते सोळा वर्षांची सात-आठ पोरे, आणि मधोमध चकल्यांचा डबा. शहरातून आलेले एक सुविद्य पाहुणे पाच मिनिटे दारात उभे राहिले आणि म्हणाले, “असलं काय दाखवता मुलांना? एक तर शिळ्या कढीला ऊत, त्यात परदेशी चोरी, आणि वर अंधश्रद्धेचा प्रसार!” एका दमात तीन कलमे लावणारा फिर्यादी विरळाच. दिवाळीच्या पाहुण्याशी हुज्जत घालणे आपल्या रीतीत बसत नाही, म्हणून मी त्या वेळी त्यांच्यापुढे फराळाचे ताट सरकवले. उत्तर आता देतो. कारण ही तीन कलमे त्यांची एकट्याची नाहीत; महाराष्ट्रातल्या बहुतेक सुशिक्षित घरांत ती तोंडपाठ आहेत.

पहिले कलम शिळ्या कढीचे. एकदा मेलेला खलपुरुष पुन्हा उठवायचा आणि तीच गोष्ट नव्या कपड्यांत पुन्हा सांगायची, हे म्हणे कल्पनेचे दारिद्र्य. बरे तर, मग वेताळपंचविशीचे काय करायचे? राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, राजा तोंड उघडतो, की प्रेत पुन्हा झाडावर. राजा पुन्हा माघारी, पुन्हा झाड, पुन्हा प्रेत, पुन्हा गोष्ट. हे सगळे ‘पुढचे भाग’च नव्हेत काय? आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते नातवंडांना सांगितले, आणि ‘आजी, चौकट तीच आहे’ अशी तक्रार एकाही नातवाने केल्याचे ऐकिवात नाही. ‘चांदोबा’ मासिक १९५२ साली मराठीत आले. त्यातले विक्रम-वेताळाचे पान आधी उघडणाऱ्या पोरांना प्रेत शेवटी झाडावर जाणार हे पक्के ठाऊक असे. ठाऊक असे म्हणूनच तर ती ते पान आधी उघडत. ओळखीचे भय मुलाला झोपाळ्यासारखे असते. झोका वर जातो तेव्हा पोटात गोळा येतो, आणि तो खाली येणार हेही त्याला माहीत असते. या दोहोंपैकी एक काढून घ्या, की मग एक तर नुसती भीती उरते, नाहीतर नुसता कंटाळा.

या वेताळाच्या गोष्टी अकराव्या शतकातल्या काश्मिरी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहेत, आणि त्या ग्रंथाचे मूळ सांगितले जाते गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त. गुणाढ्याची आख्यायिका आम्हा मराठवाड्यातल्या लोकांनी तरी विसरू नये, कारण तिचा संबंध प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाशी, म्हणजे आपल्या पैठणशी आहे. गुणाढ्याने सात लाख श्लोकांची कथा पैशाची भाषेत, पिशाचांच्या म्हणून हिणवल्या गेलेल्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिली आणि राजाकडे पाठवली. भाषा भुतांची, शाई रक्ताची. राजाने नाक मुरडले. मग गुणाढ्याने रानात अग्निकुंड पेटवले, आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो ते जाळू लागला. हरणे, रानडुकरे चारापाणी विसरून ऐकत बसली. इकडे राजवाड्यात सुकलेले मांस शिजू लागले, राजाची प्रकृती बिघडली, चौकशी झाली. आणि राजा धावत रानात पोचला तेव्हा सातांतले सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एका लाखावर पुढल्या काळाचे भागले. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण तिचे मर्म कोणाला कळणार नाही? तात्या विंचू हा गुणाढ्य खासच नव्हे. नाक मुरडणारा राजा मात्र अजून तोच आहे.

आणि विसरण्याजोगे म्हणाल, तर त्यात लाज कसली? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुले फुलबाज्या लावतात. दुसऱ्या दिवशी त्यांतली एकही फुलबाजी कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि म्हणून ती लावू नये असे कोणी म्हणत नाही. ती जळत होती तेवढा वेळ अंगण उजळले होते आणि भाऊबहिणी एकत्र उभ्या होत्या. आमच्या सतरंजीवर त्या दिवशी वेगळे काही घडले नाही. धाकट्याने विचारले, “याचा बाबा लक्ष्या कुठं गेला?” आणि मग ज्यांनी पहिला ‘झपाटलेला’ आपल्या लहानपणी पाहिला होता ती वडीलधारी माणसे अर्धा तास लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या गोष्टी सांगत बसली. त्या चित्रपटातले खरे भूत बाहुल्यातले नव्हेच. न दिसणाऱ्या लक्ष्याचे आहे, आणि ते भूत फार मायाळू आहे. बापाच्या पिढीचे हसू मुलाच्या पिढीला नेऊन देणे एवढे काम एखाद्या सामान्य दुसऱ्या भागाने केले, तर त्याचे तिकिटाचे पैसे फिटले असे मी समजतो.

दुसरे कलम परदेशी चोरीचे. १९८८ साली अमेरिकेत ‘चाइल्ड्‌स प्ले’ नावाचा चित्रपट निघाला. गोळी लागून मरणारा एक खुनी मंत्राच्या जोरावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो, अशी त्याची कथा. साम्य इतके उघड आहे की ते नाकारणे हा कोर्टाचा अपमान होईल. पण उसनी आणलेली वस्तू घरात आल्यावर तिचे काय झाले, हेही पाहायला नको काय? अमेरिकेतला तो बाहुला कारखान्यातला आहे. दुकानातून विकत घेतलेल्या खेळण्याची, घरात शिरलेल्या मालाची ती भीती. आपल्याकडे येताच त्याचा ‘तात्या’ झाला. ज्याला आपण तात्या म्हणतो, त्याची भीती वाटून वाटून किती वाटणार? आणि तो दुकानातून आला नाही. तो बोलक्या बाहुल्यांच्या खेळातून आला. रामदास पाध्ये यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव शंभराहून अधिक वर्षांचा आहे. महाराष्ट्रातल्या लोकांनी त्याला रंगमंचावर पाहिले, पुढे दूरदर्शनवर पाहिले. पाध्यांचे ओठ हलतात का, हे पाहण्यासाठी घरोघरी पोरे पडद्याच्या काचेला नाक लावून बसत. तेव्हा तात्या विंचू पहिल्यांदा डोळे फिरवून बोलला, त्याच्याही आधी मराठी पोराला एक गोष्ट ठाऊक होती, ती ही की बाहुला बोलत नसतो, बोलवणारा बोलत असतो. माझ्या अशिलाच्या बाजूचा हाच सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि तिसऱ्या कलमाला उत्तर देताना तो मला लागणार आहे.

ते तिसरे कलम अंधश्रद्धेचे. हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. कुरुंदा हे वसमत तालुक्यातले गाव; १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला तोवर आम्ही परभणीकर होतो. १९३२ साली जन्मलेल्या नरहर कुरुंदकरांचे हे गाव, आणि आडनावातून त्यांनी हे नाव साऱ्या मराठी विचारविश्वात पोचवले. ‘जागर’ आणि ‘रूपवेध’ लिहिणाऱ्या माणसाच्या गावात बसून पुराव्याशिवाय बोलण्याची सोय नाही. आणि पुरावा असा आहे की, हाच मराठवाडा भानामतीचाही आहे. कोणाच्या तरी घरावर रात्री दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, शिजलेल्या अन्नात घाण पडते. मग देवऋषी येतो, आणि गावातली एखादी बाई, बहुधा एकटी, बहुधा निराधार, बोटाने दाखवली जाते. त्या क्षणापासून तिला पाणी भरणे अवघड होते, तिच्या पोराशी कोणी खेळत नाही. वाचकहो, भयपट म्हणतात तो हा. याला तिकीट नाही, मध्यंतर नाही, आणि शेवटी दिवे लागत नाहीत.

आता मला सांगा, ही भानामती गावाला कोणी शिकवली? तात्या विंचू जन्मला १९९३ साली. देवऋषी त्याच्या आधी कितीतरी पिढ्या गावागावांत बसलेले होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही आपली विद्या सिनेमातून उचललेली नाही. मूल अंधश्रद्धा शिकते ती गंभीर चेहऱ्यांकडून. आजारी बाळाला दवाखान्यात नेण्याऐवजी अंगारा लावताना आईचा चेहरा जसा होतो, त्या चेहऱ्याकडून. मांत्रिकासमोर हात जोडून उभ्या राहिलेल्या शिकलेल्या काकाकडून. जिथे कोणी हसत नाही, तिथे ती शिकली जाते. तात्या विंचूच्या मंत्राला मात्र साऱ्या महाराष्ट्राची पोरे गेली तीस वर्षे हसत आली आहेत. आमच्या ओट्यावर अजून तो खेळ चालतो. एकाने डोळे फिरवून मंत्र म्हणायचा, दुसऱ्याने झपाटल्यासारखे धाडकन पडायचे, तिसऱ्याने भलत्याच वेळी हसून सगळा घोटाळा करायचा. ज्या पोराने शंभर वेळा खोटे झपाटून घेतले आहे, त्याला उद्या कोणी ‘तुझ्या बहिणीला झपाटलंय’ म्हणून सांगायला आला, तर ते इतक्या सहजासहजी पटणार नाही. तो आधी त्या बहिणीकडे नीट पाहील.

चित्रपट आला त्या सालाकडेही जरा बघा. ‘झपाटलेला २’ जूनमध्ये लागला, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्या कायद्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. विंचू! शेतावर राबणाऱ्याला हा शब्द सिनेमातला वाटत नाही. दगडाखाली, पाचोळ्यात, कडब्याच्या गंजीत तो बसलेला असतो, आणि लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसाचे हृदय काही तासांत हात टेकते. यावर उपाय शोधला तो याच मराठवाड्यात, जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, कोकणात महाडकडे दवाखाना चालवता चालवता. रक्तदाबावरचे ‘प्राझोसिन’ नावाचे औषध विंचूदंशात जीव वाचवते, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे, २०२२ साली, त्यांना पद्मश्री मिळाली. इतके होऊनही कायद्याला विंचवाचे नाव घ्यावे लागले, कारण औषध जवळ असतानाही माणसे रोग्याला मांत्रिकाच्या दारात निजवत होती. त्या दाराशी मुलांचा सिनेमा उभा नव्हता. तिथे उभी होती ती थोर, पोक्त, गंभीर माणसे.

“पण तुमच्या सिनेमात मंत्र खरा ठरतो त्याचे काय?” असा उलटतपास फिर्यादी पक्ष घेईल, आणि तो रास्त आहे. होय, पडद्यावर मंत्र चालतो. वेताळही बोलतो, पंचतंत्रातला कोल्हा तर राजनीती शिकवतो. तेवढ्यावरून कोल्ह्याला सल्ला विचारायला गेलेले मूल मी अजून पाहिलेले नाही. गोष्ट कुठे संपते आणि अंगण कुठे सुरू होते, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले कळते. मात्र एक अट आहे. मोठ्यांनी ती रेघ पुसता कामा नये. सिनेमा संपल्यावर कोणी काका आवाज खाली आणून ‘असं खरंच असतं बरं का, आमच्या चुलत्याने पाहिलंय’ असे म्हणाले, की दोन तासांत जे झाले नाही ते एका वाक्यात होते. तेव्हा आरोपपत्र लिहायचेच असेल, तर त्यात त्या काकांचे नाव आधी घाला.

आता मघाचा पुरावा पुढे ठेवतो. पहिल्या ‘झपाटलेला’चा नायक शब्दभ्रमकार आहे. त्याचा धंदाच हा: आपले ओठ न हलवता दुसऱ्याच्या तोंडून बोलायचे. प्रेक्षक बाहुल्याकडे पाहतात, म्हणून खेळ रंगतो. जो एक जण बाहुल्यावरची नजर काढून माणसाच्या गळ्याकडे पाहतो, त्याच्यापुरता खेळ उघडा पडतो. आता देवऋषीच्या दारात जाऊन बसा. तिथे कोणाच्या तरी अंगात येते आणि देवी बोलू लागते. देवी काय बोलते? अमक्याने बोकड द्यावा, तमकीला घराबाहेर काढावे, धाकट्याने शेताचा वाटा सोडावा. सगळे लोक देवीकडे पाहत असतात. ज्याच्या सोयीचे ती बोलते, तो कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. त्याचे ओठ हलत नाहीत. ज्या मुलाने बोलक्या बाहुल्याचा खेळ मजेने पाहिला आहे, त्याला एक प्रश्न विचारण्याची सवय असते, आणि तो प्रश्न माझ्या मते साऱ्या बुद्धिवादाचे पहिले पाऊल आहे: बोलतंय कोण?

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ही किल्ली फार पूर्वी ओळखली होती. शाळेच्या पटांगणात ते चमत्काराचे प्रयोग करून दाखवत. नारळावर पाणी शिंपडले, की नारळ पेटे. जिभेवर जळता कापूर ठेवला, तरी जीभ भाजत नसे. पोरे आधी श्वास रोखून बघत, मग टाळ्या वाजवत, आणि त्यानंतर शेंडीत दडवलेल्या सोडियमची गोष्ट उघड होई. आधी झपाटून घ्यायचे आणि मग उलगडून दाखवायचे, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. नुसते भाषण करून ते गेले असते, तर दुसऱ्या दिवशी पोरांच्या ध्यानात काही राहिले नसते. आश्चर्य आणि भीती ही वाईट वस्तू आहे असे मानून ती मुलांपासून लपवणारे लोक विवेकाची सेवा करत नाहीत. ते विवेकाचे काम करण्याची जागाच काढून घेतात.

या सवयीची गरज आम्हाला किती आहे, ते आमच्या जमिनीला विचारा. आमच्याच वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात काही वर्षांपासून जमिनीखालून गूढ आवाज येत आले आहेत. २०२४ साली २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले आणि माणसे घरांतून बाहेर धावली. मराठवाड्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे किल्लारी माहीत आहे. त्या भूकंपाने जवळजवळ दहा हजार माणसे नेली. अशी जमीन जेव्हा बोलते, तेव्हा भीती वाटणे हे शहाणपणाचेच आहे. पण त्या भीतीचे पुढे काय करायचे, याला दोन वाटा आहेत. एक वाट कोणाच्या तरी अंगात आणून गावावरचा कोप विचारायला जाते. दुसरी वाट भूकंपमापकाची नोंद विचारते, घराची भिंत तपासते, आणि रात्री उशाशी विजेरी ठेवते. भीतीशी ज्यांची लहानपणापासून ओळख आहे, तिच्याबरोबर जे खेळले आहेत, ते दुसऱ्या वाटेने जाण्याचा संभव अधिक. ज्यांना ती कधी भेटलीच नाही, ते पहिल्याच धक्क्याला पहिल्या वाटेने पळतात.

इतकी वकिली झाल्यावर अशिलाची कानउघाडणीही केली पाहिजे. ‘झपाटलेला २’चा माझ्या दृष्टीने मोठा दोष शिळेपणा नाही, चोरी नाही आणि अंधश्रद्धाही नाही. ज्यांच्यासाठी तो काढला, त्यांच्यापैकी त्यात कोणी नाही, हा त्याचा दोष. तिकिटाच्या खिडकीशी हट्ट धरला तो तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनी. पण त्यांच्या वयाचे एकही पात्र कथेच्या मध्यभागी नाही. नायक जाणता तरुण, नायिका जाणत्या तरुणी, गाणी त्यांची, प्रेम त्यांचे. मुलांच्या वाट्याला फक्त बाहुला. त्याहून वाईट म्हणजे, शब्दभ्रमकलेसारखी सोन्याची खाण हाताशी असताना कथेने तिचा उपयोग दागिन्यापुरता केला. मुलांनीच आवाजाची युक्ती ओळखली आणि बाहुल्याला त्याच्याच खेळात हरवले, असे काही झाले असते, तर तोच चित्रपट लक्षात राहण्याजोगा झाला असता.

पण हा दोष एकट्या दिग्दर्शकाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला मराठीने नेहमीच ओसरीवर उभे ठेवले आहे. दहा वर्षांपर्यंत चिऊ-काऊ, आणि त्यानंतर एकदम चरित्रे, संस्कार आणि स्पर्धा परीक्षा! मधल्या सात-आठ वर्षांत त्याने काय वाचायचे, काय पाहायचे? भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे दिला, बाबुराव अर्नाळकरांनी रहस्यकथांचा ढीग घातला, नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी अंगावर काटा आणला. त्या पुस्तकांचे आपण काय केले? अभ्यासाच्या वहीत लपवून, पांघरुणात विजेरी लावून ती वाचावी लागत. वाचनालयात ती खालच्या फळीवर असत आणि बांधणी सुटेपर्यंत हातोहात फिरत. समीक्षेच्या वरच्या फळीला मात्र त्यांचा स्पर्श झाला नाही. पुढे जे भारी पुस्तकांचे वाचक झाले, त्यांच्यातल्या किती जणांची वाचनाची पहिली गोडी त्या खालच्या फळीवरची होती, हे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे. खालची फळी रिकामी ठेवून वरच्या फळीला वाचक मिळत नसतो. आता तर ती फळी रिकामी राहतही नाही. आपण काही ठेवले नाही, तर मुलाच्या हातातला मोबाईल ती भरतो. तिथे ‘खऱ्या भुताचा व्हिडिओ’ दाखवणारा माणूस चेहरा गंभीर ठेवून बोलत असतो. तात्या विंचू निदान हसत तरी होता.

तेव्हा माझी मागणी अशी. आमच्या मराठी लेखकांनी आणि चित्रपटवाल्यांनी मुलांना भुतांच्या गोष्टी द्याव्यात. भरपूर द्याव्यात, आणि प्रत्येक गोष्ट अजरामर झाली पाहिजे असा हट्ट धरू नये. मुंजा, हडळ, खवीस, चकवा ही सारी मंडळी कामावाचून बसली आहेत. त्यांना काम द्यावे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी पाचपन्नास पानांतली चार पाने चौदा वर्षांच्या वाचकासाठी राखावीत आणि त्यांत उपदेश घालू नये. वाचनालयांनी खालची फळी डोळ्यांच्या उंचीवर आणावी. आणि शाळांनी वर्षातून एकदा तरी बोलक्या बाहुल्यांचा खेळ ठेवून, तो संपल्यावर मुलांना बाहुल्याच्या पाठीमागे हात घालून पाहू द्यावे.

आईबापांना सांगणे थोडेच आहे. या सुटीत मुलांनी असला एखादा चित्रपट लावला, तर दारात उभे राहून निकाल देऊ नका. सतरंजीवर जागा करून घेऊन बसा. तुम्हालाही भीती वाटली, तर लपवू नका. बाहुला बोलू लागला की हळूच विचारा, “बोलतंय कोण?” उत्तर मुलांना येते, तुम्ही विचारले म्हणजे ते विचारायचे असते, एवढे त्यांना कळेल. आणि त्या रात्री धाकटे पोर परसातल्या अंधारात एकटे जायला कचरले, तर त्याला हसू नका, दामटूही नका. चपला पायांत सरकवा, विजेरी घ्या आणि त्याच्याबरोबर जा. वाटेत दगडाखाली नीट उजेड टाका. कारण तिथे खरोखरच विंचू असू शकतो.